वाळूची चार पोती

गंगाधर मिस्त्री घोडपदेवला आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. युद्धात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेला फिटर. हात सोन्याचा, तोंडाने मात्र मुका. छप्पन साली गोळीबाराच्या दिवसांत त्याचं गॅरेज बंद पडलं ते कायमचंच. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना आम्ही जोडीने जायचो. मी घसा फोडून ओरडायचो आणि हा शेजारी नुसते ओठ हलवायचा. मला अशी चीड यायची!

दोन वर्षं तो हत्यारांची पेटी घेऊन दारोदार फिरला. मग शिवडीच्या रामचंद्र नाखव्याने त्याला बोलावलं. नाखव्याने लष्करी लिलावात एक पिकअप घेतली होती. ओहोटीला होड्या लांब चिखलापलीकडे थांबायच्या आणि बायका गुडघाभर चिखलातून मासळीच्या टोपल्या डोक्यावरून आणायच्या. गाडीच आत नेता आली तर? नाखव्याने शब्द दिला, काम जमलं तर बंदराजवळची आपली पत्र्याची शेड गॅरेजला तुझी. घरी आल्यावर गंगाधर हे तीनदा बोलला. दोन वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

त्याने स्प्रिंगांना जादा पाटे घालून गाडी वीतभर उचलली, मोडीतल्या ट्रकची मोठी चाकं बसवली आणि टायर घासू नयेत म्हणून मडगार्ड कापले. उरली चाचणी. रिकाम्या गाडीत पाटे ताठ असतात, वजन पडलं की बसतात, तेव्हा भरल्या गाडीत चाक पुरतं वळतं का ते बघायचं असतं. त्यासाठी त्याने चार पोती वाळू भरून ठेवली होती.

पोतं उचललं तेवढ्यात नाखव्याची बायको सुंदराबाई आली. “नारल फुटल्याबिगर गाडीन वजन घालाचा नाय,” ती म्हणाली. पूजा शुक्रवारी होती आणि पहिलं वजन मासळीचंच पडायचं होतं. नाखव्याने गंगाधरला विचारलं, काही अडचण आहे का? गंगाधर नाही म्हणाला आणि त्याने पोतं खाली ठेवलं.

शुक्रवारी मी रजा टाकून बघायला गेलो. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं, सुंदराबाईने बॉनेटला कुंकू लावलं. रिकामी गाडी चिखलातून डुलत होडीपर्यंत गेली आणि काठावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

टोपल्या भरून झाल्या. नाखव्याने परत फिरायला स्टिअरिंग वळवलं आणि चाक अर्ध्यात अडकलं. गाडी मासळीच्या वजनाने खाली बसली होती आणि मडगार्डची कापलेली कड टायरात रुतली होती. मागे घ्यावी तर मागची चाकं चिखलात जाऊ लागली. बायकांनी भराभर टोपल्या उतरवल्या, पण कड काही सुटेना. तेवढ्यात भरती लागली.

नाखव्याबरोबर गाडीत गेलेला गंगाधर छिन्नी-हातोडा घेऊन चाकापाशी बसला. पाणी गुडघ्याला आलं, मग कमरेला. आम्ही काठावरून हाका मारत होतो. नाखवा त्याचा दंड धरून ओढत होता. इंजिन केव्हाच गार पडलं होतं आणि हा पाण्याखाली चाचपडत घाव घालत होता. शेवटी पत्रा तुटला. त्याने दारातून हात घालून स्टिअरिंग फिरवलं.

“नाखवा, बघा, वळतंय,” तो म्हणाला.

पाणी तेव्हा त्याच्या छातीला लागलं होतं. दोघा-तिघांनी त्याला उचलूनच बाहेर आणलं. गाडी मात्र दोन भरत्यांत टपापर्यंत गाळात गेली.

सुंदराबाई शेडच्या दाराशी बसून रडत होती, माझ्यामुळं झालं म्हणत होती. मला वाटलं, आता तरी हा वाळूची चाचणी राहून गेल्याचं सांगेल. त्याने पेटी उचलली आणि चालू लागला.

रस्त्यात मी त्याच्यावर खेकसलो, “अरे, त्या दिवशी बोलला का नाहीस?”

“त्यांनी विचारलं होतं रे,” गंगाधर म्हणाला. “दोन वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं. अडचण आहे म्हटलं असतं तर शेड गेली असती.”