मैनेचा पोळा

मोर्शीकडच्या एका खेड्यात चंद्रभानची संत्र्याची बाग आहे. वय साठीपुढं गेलं, पण गडी अजून काटक आहे आणि तितकाच हट्टी. सारा जन्म त्यानं बैलांत काढला. मग मुलानं, अंकुरनं, ट्रॅक्टर आणला, म्हातारी झालेली शेवटची जोडी एकामागोमाग गेली आणि गोठा रिकामा पडला. तेव्हापासून पोळ्याच्या दिवशी चंद्रभान बागेत जाऊन तोंड लपवायचा. सारं गाव तोरणाखाली बैल घेऊन उभं असताना आपण मोकळ्या हातानं काय जायचं? त्याला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर रडू यायचं.

गेल्या हिवाळ्यात त्यानं जत्रेतून एक तांबूस घोडी आणली. बागेत जायला-यायला बरी, असं घरी सांगितलं. बायको सुभद्रानं कपाळाला हात लावला, पण मैना हे नाव तिनंच ठेवलं.

घोडी आली खरी, पण तिचा मालक पडला बैलवाला. पहिल्याच संध्याकाळी तो तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला. घोडीनं कडबा खाल्ला, पाणी प्याली, पण रवंथ करेना. बैलानं रवंथ सोडला की तो आजारी, हे चंद्रभानच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यानं घाबरून जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. घोडं कधीच रवंथ करत नसतं, हे सांगताना डॉक्टरला हसू आवरेना. ही फजिती दुसऱ्या दिवशी चंद्रभानच गावभर सांगत हिंडला. सरकीच्या ढेपेचं टोपलंही डॉक्टरनं वेळीच अडवलं, नाहीतर बैलाचा तो मेवा घोडीच्या पोटाला बाधला असता. हळूहळू तो शिकला. रोज खरारा करायचा, खुरातली माती काढायची, हरभरा भिजवून आणि बेतानंच द्यायचा. स्वारीही शिकला, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चांगला आपटून.

मांड जमली तशी त्याच्या मनानं उचल खाल्ली. यंदा मैना पोळ्यात उभी करायची. गावच्या पोळ्याचं तोरण तोडायचा मान देवानंदभाऊचा. त्यानं साफ नाही म्हटलं. घोडं डफड्याला बिचकतं, एक लाथ झाडली तर सारे बैल उधळतील, पोराबाळांच्या अंगावर जातील. त्याचंही काही चूक नव्हतं. पण चंद्रभान त्याच्या ओसरीवर रोज जाऊन बसू लागला, तेव्हा देवानंद कंटाळून म्हणाला, "डफडं वाजताना बिचकली नाही, त उभी कर. बिचकली, त मले पुन्हा इचारू नोको."

डफडं वाजवणारा श्रावण त्याचा जुना दोस्त. तो संध्याकाळी बागेत येऊ लागला. पहिल्या थापेलाच मैना सुटली ती मानेला लोंबकळणाऱ्या मालकासकट बागेच्या टोकाला जाऊन थांबली. मग चंद्रभाननं बैलाचीच रीत काढली. गोऱ्हा जुवाला भ्यायला की त्याला ढेपेचा तुकडा दाखवायचा. तसं श्रावणनं दुरून वाजवायचं, जवळ यायचं आणि खिशातले मूठभर हरभरे घोडीला चारायचे. आषाढ सरेपर्यंत मैना डफड्याला अजिबात घाबरेनाशी झाली. चंद्रभान मिशीला पीळ देत फिरू लागला.

पोळ्याला सुभद्रानं आपल्या लग्नातल्या शालूची झूल शिवली. रांगेत शेवटची जागा मिळाली, तीही चंद्रभानला सिंहासनासारखी वाटली. झडत्या, म्हणजे पोळ्याची गमतीची गाणी, म्हणून झाल्या आणि श्रावणनं डफड्यावर थाप मारली. मैनेनं कान टवकारले. मग रांग सोडून, लगामाला न जुमानता, स्वाराला घेऊन ती सरळ श्रावणपाशी गेली आणि तिनं त्याच्या खिशात तोंड घातलं.

माणसांची हसून हसून मुरकुंडी वळली. चंद्रभानला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. देवानंद समोर येऊन उभा राहिला. चंद्रभान खाली उतरला.

"चुकी माही हाय, देवानंदभाऊ. मीच तिले असं शिकवलं. घरी घेऊन जातो."

देवानंदनं बैलांची रांग पाहिली. एकही जनावर हललं नव्हतं.

"बिचकली त नाही न," तो म्हणाला. "राहू दे तिथंच."

त्यानं तोरण तोडलं. घुंगरांचा एकच कल्लोळ झाला आणि बैल दोन्ही बाजूंनी धावत निघून गेले. मैना मधोमध उभी राहून श्रावणचा खिसा चाटत होती.

घरी सुभद्रा ताट घेऊन दारात उभीच होती. तिनं मैनेचे चारही पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली. चंद्रभान ओशाळून म्हणाला की बैल असते तर शोभलं असतं.

"बैल का घोडी, मले काय करा लागते?" सुभद्रा म्हणाली. "पोळ्याच्या दिवशी तुमी दारात हाय, मले तेवढंच पाह्यजे होतं."

मैनेच्या मानेत तोंड खुपसून चंद्रभान लहान पोरासारखा रडला, आणि सुभद्रानं त्याला मनसोक्त रडू दिलं.