भिंतीवरचा नवरा

माझ्या शेजारणीने आपल्या जिवंत नवऱ्याला टीव्हीवर मारलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. ऑकलंडमध्ये, बॉटनी डाउन्सला, आमची घरं अगदी लागून होती. ती चीनची, मी पुण्याची. दोघींच्या नवऱ्यांना इथे मनासारखी नोकरी मिळेना, म्हणून 'थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे' असं सांगून दोघंही आपापल्या देशात परत गेलेले. पोरांची शाळा आणि इथलं नागरिकत्व सांभाळायला आम्ही बायका मागे.

माझ्या नवऱ्याचा फोन आधी रोज यायचा, मग रविवारी, मग आठवण झाली तर. मी केला की, "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." कसला करतोय डोंबल. त्याने परत यावं, एवढं एकच मागणं होतं माझं. बाकीचा गाडा मी एकटी ओढतच होते.

अशात शेजारणीला इथल्या एका मालिकेत काम मिळालं, एकाच भागापुरतं. कोपऱ्यावरची डेअरी, म्हणजे दूध-पावाचं दुकान, चालवणारी चिनी विधवा. "आम्ही टीव्हीवर दिसलो की एक तर दुकानात असतो, नाहीतर रडत असतो," असं ती हसत म्हणायची. संवाद पाठ करायला माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. नवऱ्याच्या फोटोपुढे उदबत्त्या लावायच्या आणि मुलगी ऐकत नाही म्हणून त्याच्याकडे तक्रार करायची, असा प्रसंग होता. फोटो कुणातरी नटाचा असणार होता.

एका दुपारी ती म्हणाली, "मी त्यांना माझ्या नवऱ्याचाच फोटो दिलाय."

पोळी लाटता लाटता माझा हात थांबला. आमच्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला चुकून हार घातला तरी म्हातारी माणसं अंगावर येतात. त्यांच्याकडेही तसंच, हे तिनेच मला सांगितलं होतं.

"वेड लागलंय का तुला? जिवंत आहे तो."

"तिकडे जिवंत आहे," ती म्हणाली. "तिकडे त्याला दुसरी बाई आहे, तान्हं मूल आहे. नणंदेने कळवलं. मी इकडे कशाला जिवंत ठेवू?"

मला तिची दया यायला हवी होती. आला तो राग. कारण तिच्या नवऱ्याचे फोनही असेच आटत गेले होते. तिला मी साधा चहासुद्धा विचारला नाही. ती गेल्याबरोबर पुण्याला फोन लावला. नुसता वाजत राहिला. मग सासूबाईंना लावला. "कामात असेल गं, उगाच जिवाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात. लग्न झाल्यापासून सासूबाई माझ्याशी कधी मऊ बोलल्या नव्हत्या.

तो भाग लागला तेव्हा शेजारणीने आपल्या मुलाला मुद्दाम पोहायला धाडलं आणि ती आमच्याकडे येऊन बसली. मधे माझी सात-आठ वर्षांची मुलगी. पडद्यावर शेजारीण उदबत्त्या लावत होती. संवाद संपला, तशी ती फोटोकडे बघून चिनीत काहीतरी बोलली. ते आम्ही पाठ केलेल्यात नव्हतं.

"काय म्हणालीस गं?"

"वाढलंय, जेवून घे, म्हटलं."

मुलीने फोटोतला माणूस ओळखला. त्याच काकाने तिला सायकल शिकवली होती. "इज ही डेड?" तिने विचारलं. तिला मराठी कळायचं, पण बोलायची इंग्रजीच.

"यस," शेजारीण म्हणाली.

मुलगी माझ्याकडे वळली. "अँड बाबा?"

मी 'नाही' म्हणाले. पण ते म्हणायला मला जो वेळ लागला, तो पोरीने बघितला. त्यानंतर बाबांचा फोन कधी येणार, हे तिने मला कधीच विचारलं नाही.