रुबीनाचं बसकर

कुलसुम एका शाळेत सव्वीस वर्षं झाडलोट करत होती. गुडघे गेले तशी आता गडमुडशिंगीत घरीच असते. तिच्याकडं कोल्हापूरच्या विद्यापीठातली अक्षता आली, पीएच.डी. करणारी, म्हणजे शिकून झालं तरी शिकायचं, त्यातली.

"मावशी, शाळेत सगळं माणसंच करतात असं नसतं," ती म्हणाली. "भिंत, फळा, बाक, हेही काहीतरी करतात. माझा अभ्यास त्यांचा आहे."

"मग केरसुणीलाच इचारायचं की. तिनं माझ्यापरास जास्त बघितलंय."

अक्षता हसली. चहा झाला. मग कुलसुमनं ट्रंकेतनं एक बसकर काढलं. रुबीनाचं, तिच्या लेकीचं. तेव्हा शाळेत बाक नव्हते, पोरं बसायला घरनं बसकर न्यायची. हे इचलकरंजीच्या मागावरच्या चिंध्यांचं. त्याचं तूस उडायचं, शेजारच्या पोरी शिंकायच्या, फिदीफिदी हसायच्या. बाईंनी रुबीनाला दाराशी बसवलं. दाराशी बसणारीला कोण विचारतंय? सहावीत तिनं शाळा सोडली. पटावर तिच्या नावावर लाल रेघ आली, आणि त्या दिवशीही तो वर्ग कुलसुमनंच झाडला. पुढं लेक मागावर कामाला गेली. तीन वर्षांमागं काविळीत गेली.

"ह्या बसकरानं काढलं तिला शाळेतनं," कुलसुम म्हणाली. "घिऊन जा. पर पुस्तकात तिचं नाव लिहिशील न्हवं?"

अक्षता बसकराची शिवण निरखत होती. "हो, हो," म्हणून गेली.

दीड वर्षानं ती जाडजूड प्रबंध घेऊन आली. कुलसुमला वाचायला फारसं येत नव्हतं, पण लेकीच्या नावाची अक्षरं पटावर रोज बघून पाठ होती. बसकराचा पानभर फोटो होता. त्याच्या पुढं-मागं तिचं बोट ओळीओळीनं फिरलं.

"रुबीना कुठं हाय ग ह्यात?"

"मावशी, माणसांची नावं बदलावी लागतात. नियम आहे. ही बघा, 'विद्यार्थिनी क'. तीच ती."

"आन् बसकराचं न्हाय बदललं?"

अक्षतानं मान खाली घालून पेन काढलं. "तुमच्या ह्या प्रतीत लिहून देते. फोटोखाली."

कुलसुमनं पानावर हात ठेवला.

"ह्यात नगं, पोरी. ह्या घरात तिचं नाव समद्यांस्नी ठावं हाय."