बोंबलांची पुडी

मला इंग्रजी येतं, ही माझ्या नवऱ्याची थाप. मी मॅट्रिक होते आणि इंग्रजीत जेमतेम काठावर पास. तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा हे तिथे नकाशे काढायला होते. त्यांच्या अमेरिकन साहेबाची आई सुट्टी घालवायला भारतात आली आणि साहेबाला रजा मिळेना. पहिल्या दिवशी आईला आसपास फिरवून आणायला त्याला कुणीतरी बाईमाणूस हवं होतं. "माझी मिसेस फाडफाड बोलते," असं ऑफिसात सांगून हे घरी आले आणि मला म्हणाले, "उद्या जीप येईल. तू नुसती हसत राहा."

हसायची माझी मुळीच इच्छा नव्हती. लग्न होऊन साताऱ्याकडून बोईसरला आले त्याला आठ महिने झाले होते, आणि आठही महिने मी रडून काढले होते. विहिरीचं पाणी मचूळ. ज्वारीचं पीठ बघायला मिळायचं नाही. वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास आला की मी धाडधाड खिडक्या लावून घ्यायची. आमच्याकडे मटण चालायचं, पण समुद्राचा मासा घरात कधी कुणी आणला नव्हता. शेजारणी हाका मारून दमल्या. मी दार उघडलं नाही. आदल्याच दुपारी मी वडिलांना चार पानांचं पत्र लिहिलं होतं, मला न्यायला या, मी इथे राहणार नाही. यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पाकीट विकत घेऊन पत्र टाकायचं तेवढं राहिलं होतं. जीप तारापूरवरून जाणार हे कळल्यावर मी ती चार पानं पिशवीत घातली आणि हसायला तयार झाले.

बाई उंच होत्या, साठीच्या पुढच्या, डोक्यावर भली मोठी गवती टोपी. परवाच विमानातून उतरलेल्या, पण उत्साह शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीचा. दिसेल त्याला "हे काय?" ताडाला लटकवलेलं मडकं दिसलं, हे काय? मिठागरातले पांढरे ढीग दिसले, हे काय? मला ठाऊक असो नसो, मी ठोकून द्यायची. तारापूरचा किल्ला दिसला तसं मी बेधडक सांगितलं, आमच्या महाराजांनी बांधला. साताऱ्याच्या माणसाला किल्ला म्हटला की दुसरं काही सुचतच नाही. ड्रायव्हर तिथलाच होता. तो मान न वळवता म्हणाला, "बाय, हा पोर्तुगीजांचा हाय." ते मी इंग्रजीत सांगितलं नाही.

पोस्टाशी जीप थांबव म्हटलं, तर म्हणाला, "येताना थांबू. आता नाय गेलो तं भरती येल, मंग किनाऱ्यावर फिरायला नाय गावनार."

नवापूरला किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांवर लांबच लांब काहीतरी पांढुरकं हलत होतं. "हे काय?" मी म्हटलं, धुणं. एवढं धुणं? म्हटलं, हो, इथली माणसं फार स्वच्छ. बाई कौतुकाने पुढे गेल्या आणि मी त्यांच्या मागे. जवळ जाऊन पाहतो तर बोंबील! एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीने दोरीवर टाकलेले, हजारो.

बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणीला ड्रायव्हरने माझं धुणं सांगितलं. ती कंबर धरून हसली. बाईंना काही न कळता त्याही हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने उन्हाकडे पाहिलं. "जेवल्यात? नाय ना? मंग अश्या कश्या जाल दुपारच्या?" साहेबाच्या बंगल्यावरून दिलेला सँडविचचा डबा जीपमध्ये होता, पण बाई तोवर टोपी काढून तिच्या ओटीवर बसल्यासुद्धा.

तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं लालभडक कालवण. बाईंनी ताटाला हात लावला नाही. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. इथली बाई कशी खाते ते पाहून खायचं, असा त्यांचा साधा हिशोब. आता मी कुणाच्या हाताकडे बघू?

मी कोळणीकडे पाहिलं. ती समजली.

"तू कुटली गो?"

"साताऱ्याची."

"म्हंजे दोगी पन पावन्याच!"

तिने माझ्या ताटातला बोंबील शेपटीशी धरला, दोन बोटांनी मऊ मांस अलगद ओढून घेतलं, काटा अख्खा बाहेर. "आसा. काटा ठेव, मास खा. भिऊ नको."

पहिला घास मी डोळे मिटून गिळला. दुसरा उघड्या डोळ्यांनी खाल्ला. लसूण, चिंच आणि तिखट अगदी आमच्याकडचं! मी काटा ओढला की बाई ओढायच्या, मी बोटं चाटली की बाई चाटायच्या. कोळण वाढत राहिली. आठ महिन्यांत मला कुणी समोर बसून, भरवल्यासारखं जेवू घातलं नव्हतं. खरं तर मीच कुणाला घालू दिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. बाईंना वाटलं तिखट लागलं. त्यांनी घाईघाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

निघताना कोळणीने मूठभर सुके बोंबील काढले. "भाजून खा. नवऱ्याला पन दे. कागद हाय का?"

मी पिशवीत हात घालून जराशी थांबले. मग चारही पानं तिच्या हातात दिली. तिने घट्ट पुडी बांधली. परतीच्या वाटेवर ड्रायव्हर म्हणाला, "बाय, पोस्ट." मी म्हटलं, "राहू दे, चल." त्या कोळणीचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. इतकी वर्षं झाली, तिचे उपकार मी विसरलेले नाही.

संध्याकाळी पुडी मी सोडायच्या आधी यांनी सोडली. मी शेगडी फुंकत होते. पाठीमागे बराच वेळ कागदाचा आवाज येत राहिला. चारही पानं वाचून झाल्यावर यांनी विचारलं, "बाई खूश होत्या?"

"होत्या."

यांनी पानांची घडी करून खिशात ठेवली आणि पाटावर येऊन बसले. मी भाजलेला बोंबील ताटात वाढला. यांनीही जन्मात खाल्लेला नव्हता. ताटाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"हे कसं खायचं, दाखव."

मी बोंबील शेपटीशी धरला आणि काटा ओढून काढला. "काटा ठेवा, मास खा," मी म्हटलं. "भिऊ नका."