सासरचा सीबी, माहेरचा एचएफ

आमच्या घरात दोन रेडिओ आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही, असं माझ्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. एक रेडिओ माझा, माहेरून आलेला. दुसरा मामांचा. दोन्ही बोलायचे रेडिओ आहेत, गाणी ऐकायचे नव्हेत, हे केंदुरात समजावून सांगता सांगता माझी लग्नानंतरची पहिली काही वर्षं गेली.

माझा आहे तो एचएफ ट्रान्सीव्हर, हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम लोकांचा सेट. परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवल्याशिवाय त्याचं बोलायचं बटण दाबता येत नाही. माझे वडील, आबा, दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. हे वेड त्यांचंच. त्यांच्या नादानं मी कॉलेजात असतानाच परवाना काढला, आणि लग्नात त्यांनी आपल्या दोन सेटपैकी हा एक थेट रुखवतात मांडला. एका बाजूला लाडू, एका बाजूला करंज्या आणि मधे हा काळा डबा. वऱ्हाडातल्या एका बाईनं "ह्याच्यावर गाणी लागत्यात का?" म्हणून विचारलं. आबा "नाही" म्हणाले आणि पुढं एक शब्द बोलले नाहीत. माझ्या सासरी त्या "नाही"ची चर्चा बरेच दिवस चालली.

मामांनी एक्स्पोर्ट सीबी आणला तेव्हा मी सणसवाडीच्या कंपनीतून पहिली पाळी करून घरी येत होते. इन्स्ट्रुमेंट विभागात दिवसभर मीटर तपासून डोळे दुखत होते, आणि ओट्यावर मामा हातात माईक धरून बसले होते. कुठल्या तरी ओळखीच्या ट्रकवाल्याकडून त्यांनी तो मिळवला होता.

"तुझ्या डब्याला शंभर बटनं," मामा म्हणाले, "ह्याला चार. माणसानं बोलायचं का बटनं मोजायची?"

सीबी म्हणजे सत्तावीस मेगाहर्ट्झच्या आसपासचा छोटा रेडिओ. पाच वॅटपर्यंत आपल्याकडे त्याला परवाना लागत नाही. एक्स्पोर्ट सीबी हा त्याच घराण्यातला वांड पोरगा. परदेशी पाठवण्यासाठी बनवलेला, पाचाच्या जागी तीस-चाळीस वॅट फेकणारा, आणि नेमून दिलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचे बांध कोरणारा. मी तिथल्या तिथं सांगितलं, मामा, हे नियमात बसत नाही, ताकद कमी करून देते.

"नियम तुझ्या बापाला सांग," मामा म्हणाले. "त्योच कवटाळून बसलाय नियम."

मला राग आला, पण ते काही खोटं बोलत नव्हते.

आबांचा नियम असा: लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. जुनी रीत आहे. आजकाल कोणी पाळत नाही, पाळली तरी चहाला माफी असते. आबांच्या लेखी माफी कशालाच नव्हती. दिवाळीला यायचे, ओट्यावर बसायचे, पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढून दोन घोट प्यायचे आणि दौंडची वाट धरायचे. आत्यांनी केलेला चहा तसाच निवून जायचा. माझ्या लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली. मूल नाही. होणारही नाही, हे पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला केव्हाच सांगितलं होतं. मामांना आणि आत्यांना ते माहीत होतं. दोघांनी एकदा ऐकून घेतलं आणि त्यानंतर तो विषय काढला नाही, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. आई-आबांना मात्र मी सांगितलं नव्हतं. आबा आणि मी दर रविवारी सकाळी रेडिओच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यावर बोलायचो, आणि तिथं अर्धा महाराष्ट्र कान लावून असतो. फोनवर सांगता आलं असतं. तोंडात शब्द यायचे आणि मी आईला विचारायचे, पाऊसपाणी काय म्हणतंय.

आबांचा मला फार राग यायचा. ज्या घरात मी राबते, भांडते, आजारी पडते, ते घर एका पाळण्यावाचून घरच नाही का? पण वडिलांना असं कोण विचारणार?

मामांना त्याची वेगळीच बोच होती. व्याही दारात येतो आणि उपाशी जातो, ही त्यांच्या घराची नामुष्की. "जेवायचं आवतण सुनेच्या तोंडून जात न्हाई," ते म्हणायचे. "घरच्या कारभाऱ्यानं द्यावं लागतं." ते द्यायला त्यांनी कितीदा फोन केला. आबा मामांचा आवाज ऐकला की "नमस्कार नमस्कार, हिच्याकडे देतो" म्हणून फोन आईकडे सरकवायचे. म्हणून तर हा सीबी आला होता. मामांचा हिशोब साधा होता. "फोन बायकूकडं देतोय. रेडिओ कुनाकडं दील? सगळ्यांदेखत बोलवल्यावर बोलावंच लागंल."

हे कळल्यावर त्या सीबीवरचा माझा राग निम्मा झाला. तसा तो रेडिओ वाईट नव्हताच. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. धूळ खायचा, धक्के खायचा. मातीच्या हातानं फिरवता येईल एवढं त्याचं मोठं बटण, दर चॅनेलला कट्कन वाजणारं. माझ्या सेटला वेगळा पॉवर सप्लाय, वेगळं टेबल, वर फडकं. पण माझ्या सेटला सगळे पट्टे उघडे: सकाळी जवळचे जिल्हे, दुपारी दूरचे देश, आणि गर्दीतून नेमका एक आवाज चाळून काढायला फिल्टर. सीबीला एकच खिडकी. सूर्याची मर्जी असेल तेव्हा त्या खिडकीतून अख्खं जग डोकावतं, नसेल तेव्हा नुसती खरखर. शिवाय तो तापला की हळूहळू लावलेल्या फ्रिक्वेन्सीवरून सरकायचा आणि पलीकडच्या माणसाचा आवाज बदकासारखा व्हायचा. त्यात एक इको होता, तो मामांना प्राणप्रिय. बोललेलं दोन-तीनदा घुमायचं, जत्रेतल्या भोंग्यासारखं. मी तो बंद करायचे, मामा चालू करायचे.

पहिल्या दुपारी मामांनी घसा साफ करून हाक दिली, "हालो दौंड, दौंड, केंदूर बोलतंय." उत्तर आलं, पण रशियनमधून. मामा खूश झाले. त्या माणसाला त्यांनी शेतातली कामं सांगितली, त्यानं त्याचं काहीतरी सांगितलं, दोघंही समाधानानं थांबले. दुसऱ्या दिवशी इंडोनेशिया, तिसऱ्या दिवशी पुन्हा रशिया. दौंड काही येईना.

"रशिया येती आन् दौंड येत न्हाई," मामा चिडले. "दौंड काय रशियाच्या पल्याड हाय व्हय?"

मी समजावलं. गोफणीतून सुटलेला दगड पायाशी पडत नाही. सत्तावीस मेगाहर्ट्झची लाट आकाशाला लागून परत येते ती हजारो किलोमीटरवर, आणि जमिनीवरून जाते ती गावाच्या शिवेपलीकडं थोडीशीच. केंदूर ते दौंड हे साठ-सत्तर किलोमीटर नेमके त्या मधल्या मोकळ्या जागेत पडतात. तिथं चाळीस मीटरची लाट लागते. ती सरळ वर जाते आणि आसपासच्या जिल्ह्यांवर पावसासारखी खाली येते.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातून एवढंच घेतलं की आपली ॲन्टेना लहान आहे. आमच्या रानात दोडक्याचा मांडव आहे, वर तारांचं जाळं अर्ध्या एकरावर पसरलेलं. एवढी तार फुकट टांगलेली असताना विकत कशाला आणायची? मी कंपनीत असताना त्यांनी केबलचं टोक सोलून थेट मांडवाला गुंडाळलं, ताकदीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि दौंडला हाक मारली. संध्याकाळी मी आले तेव्हा ओट्यावर जळका वास होता आणि मामा माईक मांडीवर ठेवून बसले होते.

चुकीची ॲन्टेना लावली तर माझा सेट आपली ताकद आपणच कमी करतो आणि फुगून बसतो. एक्स्पोर्ट सीबीला ही अक्कल नसते. तो मालकासाठी जीव देतो. आतले दोन्ही फायनल ट्रान्झिस्टर, म्हणजे ताकद देणारेच, जळून गेले होते. मी ते बदलून दिले आणि हळूच ताकदही नियमात आणून ठेवली. पण मामांचं मन उडालं होतं. "तुझ्या मशीनवरनं दोन शब्द बोलू दे की," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. परवाना नसलेल्याच्या हातात माईक दिला तर माझा परवाना जाईल, आणि आबा उत्तर देणार नाहीत ते वेगळंच.

मामा थोडा वेळ बोटानं ओट्यावरची माती कोरत राहिले. "आन् म्याच परीक्षा दिली तर?"

मला हसू आलं नाही. सत्तरीला आलेला माणूस, शाळा मॅट्रिकला सुटलेली, आणि परीक्षेचे प्रश्न इंग्रजीत. पण त्यांनी मनावर घेतलं. मी रोज कंपनीतून आले की चहा घेऊन समोर बसायचे. आत्या भाजी निवडता निवडता ऐकायच्या, आणि मामा अडले की कधीकधी आत्याच उत्तर द्यायच्या. ते मामांना बिलकूल खपायचं नाही. पहिल्या वेळी ते नापास झाले. घरी येऊन म्हणाले, गणितात गेलो, नियमांच्या पेपरात पास हाय. मग जरा थांबून म्हणाले, "तुझा बाप मला आत्ता जरा समजाया लागलाय." दुसऱ्या वेळी दोन्हीत पास झाले. परवाना हातात यायला पुढं कितीतरी महिने गेले, आणि त्या महिन्यांत पोस्टमन आमच्या आळीतून जाताना मान खाली घालून जायचा.

ॲन्टेनाचा हट्ट मात्र त्यांनी सोडला नाही. शेवटी मीच हरले. मांडवाच्या कडेची एक तार बाकीच्या जाळ्यापासून सोडवली, मापानं कापली, ठिबकच्या नळीचे तुकडे लावून दोन्ही टोकं वेगळी केली. उंची जेमतेम डोक्यावर हात जाईल एवढी. पुस्तकं अशा ॲन्टेनाला हसतात. पण खाली ओलं रान, लाट सरळ वर, आणि आम्हाला तर जवळच जायचं होतं.

रविवारी सकाळी आबांचं आणि माझं नेहमीचं बोलणं झालं आणि मी माईक मामांकडे दिला. मामांनी आधी डोक्यावरची टोपी नीट केली. परवान्यावरची आपली खूण-अक्षरं त्यांनी शाळेतल्या प्रार्थनेसारखी खणखणीत म्हटली आणि पुढं म्हणाले, "पाव्हणं, म्या बोलतोय केंदुरातनं. परवाना हाय."

पट्ट्यावर कोल्हापूर, नाशिक, सगळे थांबले होते.

"आवाज स्वच्छ आहे," आबा म्हणाले आणि रेडिओवाल्यांच्या रीतीनं आवाजाला गुण दिले. "पाच-सात. ॲन्टेना कोणती?"

"दोडक्याचा मांडव."

कुणीतरी मोठ्यानं हसलं. आबा हसले नाहीत. "कशाचा म्हणालात?"

"दोडक्याचा. आन् पाव्हणं, जेवायला या. घरचा कारभारी म्हणून आवतण देतोय."

तेवढ्यात सोलापूरकडचा एक जण मधे घुसला, "ब्रेक, ब्रेक. पाव्हणं येणार नसतील तर आम्ही येतो." आबांना आता बोलणं भाग होतं. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी ॲन्टेना बघायला येतो." जेवायला येतो म्हणाले नाहीत. मामांना तो फरक कळला, मलाही कळला. तरी आत्यांनी शनिवारीच मासवडीची तयारी सुरू केली.

आबा आले, पिशवीत मीटर घेऊन. दोघं व्याही मांडवाखाली वाकून वाकून फिरले. आबा तारेला टिचकी मारून बघत होते, मामा दोडकी बाजूला करत होते. पाणी दिल्यावर ॲन्टेना कशी बदलते, पानं तारेला टेकली की काय होतं, यावर त्यांचा वाद झाला आणि मला पहिल्यांदाच वाटलं की यांची मैत्री होऊ शकली असती. दोघांचा सीबीवरही वाद झाला. आबा म्हणाले, तो खेळणं आहे. मामा म्हणाले, त्याच्यानंच तर इथवर आलो.

आत्यांनी ताटं मांडली. मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी. मामा बसले. आबा दारातच उभे राहिले.

"मी खाऊन आलोय," ते म्हणाले.

"पाव्हणं," मामा म्हणाले, "तुमच्यासाठी म्हातारपनी शाळंत बसलो म्या."

आबा मामांकडे न बघता माझ्याकडे बघत होते. हा माणूस इतकी वर्षं माझ्या घराचा अपमान करतोय, असंच मी धरून चालले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "जेवायचं नाही असं नाही गं. जेवलो तर तुला वाटेल, बापानं आशा सोडली."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. एवढी साधी गोष्ट कुणी इतकी वर्षं पोटात ठेवतं का?

"सोडा आबा," मी म्हटलं. "आम्हाला मूल होणार नाही. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. मी सुखात आहे. तुम्ही बसा."

आत्या तव्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आबा आत आले, मामांच्या शेजारी पाटावर बसले आणि बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "रस्सा निवतोय, पाव्हणं."

मग आबांनी भाकरी मोडली. दुसऱ्या घासाला त्यांना ठसका लागला, आणि माझ्याकडे हात पुढं करून ते म्हणाले, "पाणी दे गं."