लेट मी, लेट हर आणि गेलेली लाइट

गिरणीत पीठ कुठं कुठं साचतं ते गिरणीवालीला विचारा. पट्ट्याच्या मागं, खुंटीवर, देवाच्या फोटोवर, भुवयांत! झाडून काढलं तरी दुसऱ्या दिवशी तेवढंच. किश्श्यांचंही तसंच. नेकनूरच्या स्टँडसमोर आमची गिरणी. दुपारी लाइट गेली की दळणाला आलेल्या बायका डबे मांडून तिथंच बसतात. घरी जाऊन परत कोण येतंय? लाइट घालवल्याबद्दल लाइटवाल्यांचे आभार मानणारी तालुक्यात मी एकटीच असेन. पण मानते. त्यांच्यामुळंच मी इंग्लिश शिकले.

*

सुरुवात नातवाने केली. लेक पुण्याला असते. ती फोनवर माझ्याशी बोलत होती आणि मागं पोरगं ओरडत होतं, "लेट मी स्पीक! लेट मी स्पीक!"

मी म्हणलं, "अगं, लेट झालंय म्हणतोय ना तो! धाड की त्याला शाळेत!"

लेक इतकी हसली की फोनच कट झाला.

मला राग आला. नातू माझा, आणि तो काय म्हणतोय ते मलाच कळेना? गिरणीत नसरीन बसली होती. गल्लीतल्या गॅरेजवाल्याची बायको, बीए झालेली. तिला विचारलं, "नसरीन, हे लेट काय हाय गं?"

"मावशी, तो म्हणतोय, मला बोलू दे."

आजीशी बोलू दे! आणि मी त्याला शाळेत धाडत होते.

*

पुन्हा लाइट गेली तशी मी नसरीनला म्हणलं, "शिकव."

तिने फोड करून सांगितलं. आधी लेट. मग ज्याला करू द्यायचं ते माणूस. मग काम. लेट मी गो, मला जाऊ द्या. लेट मी ईट, मला खाऊ द्या.

आमची राधाक्का म्हातारी आहे. तोंडात दात थोडे, पण जीभ पुरी. ती म्हणाली, "आपलं उलटं हाय की! 'जाऊ दे' म्हणताना 'दे' शेवटी. तवर माणूस येशीपतुर गेलेलं असतंय. हे इंग्रज दारातच इचारतेत!"

नसरीनची सासू हमीदाबी आमच्याकडं पाठ करून बसलेली. ती शिकायला येत नव्हती, सुनेवर नजर ठेवायला यायची. पाठमोरीच बोलली, "लेट मतलब तो पड के सोना. लेट मी गो बोले तो क्या, सोते सोते जाना?"

*

पहिला प्रयोग राधाक्काने केला. बीडच्या बसमध्ये बायकांच्या सीटवर एक पोरगा कानात वायरी घालून बसला होता. ही त्याच्या कानाशी जाऊन गरजली, "लेट मी सिट!"

पोरगा ताडकन उठला. "सॉरी मॅडम!" म्हणाला. मॅडम! लुगड्यातल्या बाईला!

आम्ही म्हणलं, "मग पुढं?"

"पुढं काय, इंग्लिश संपली! मराठी बोलावं तर मॅडमपणा जातोय. मांजरसुंब्याला भज्याचा वास आला तरी तोंड धरून बसले बाई, पार बीडपतुर!"

*

दुसरा प्रयोग माझा, आमच्या मालकांवर. दुपारी ते जेवायला आले आणि म्हणाले, "वाढ." मी नुकतीच टेकले होते. पाय ठणकत होते. म्हणलं, "लेट मी सिट."

"लेट होणार हाय व्हय? मग घेतो माझं मीच वाढून."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! ताटसुद्धा उचललं. खरा अर्थ सांगायची मला काही घाई नाही.

*

नसरीन एरवी गरीब गाय, पण शिकवताना कडक. राधाक्का म्हणाली, "लेट शी गो." नसरीन म्हणाली, "शी न्हाई, हर! लेट हर गो. तिला जाऊ द्या."

मी म्हणलं, "बरोबर हाय. सुनेला शी म्हणू न्हाई!"

सगळ्या फुटल्या. हमीदाबीची पाठसुद्धा हलली. मी पाहिलं.

*

मग हसणं थांबलं. बीडच्या एका शाळेतून नसरीनला मुलाखतीचा फोन आला. इंग्लिश शिकवायची नोकरी, सकाळी जायचं, संध्याकाळी परत. नवरा म्हणाला, "अम्मी हो बोली तो जा." अम्मी म्हणाली, "नक्को."

मी काही गप्प बसणारी बाई नव्हे. भर गिरणीत विचारलं, "हमीदाबी, कावून न्हाई?"

"बडा बेटा बी बीड जाके आता बोलके गया था. आज पुने में है. ईद को आता, मेहमान सरीखा." तिचा आवाज फुटला. "ये बी गई तो घर में कौन रहता मेरे कू?"

पण मी सोडलं नाही. "अगं, माझीबी लेक पुण्यालाच हाय! काल नातू म्हणाला, आजी, लेट मी टेल यू. पुढचं कळलं न्हाई, पण त्याला मला कायतरी सांगायचंय एवढं कळलं. तुझ्या सुनेनं माझं घर जवळ आणलं आणि तू तिला कोंडतीस? जाऊ दिलं न्हाईस तर तुझं दळण बंद!"

"मत दळ! उमापूर जाके दळके लाती!"

उमापूर! पार गेवराईकडं! तिथून पीठ येईपर्यंत अळ्या झाल्या असत्या. नातवाचं ऐकताना तिने पहिल्यांदाच तोंड माझ्याकडं वळवलं होतं, पण बाई डबा उचलून गेलीच. नसरीन मान खाली घालून मागं. मुलाखत चुकली तर पोरीला पुन्हा कोण बोलावणार होतं?

*

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी गिरणी झाडत होते. हात झाडूवर, डोळे स्टँडवर. बीडची गाडी उभी. नसरीन नाही. कंडक्टर चढला. नसरीन नाही. त्याने बेल मारली.

तेवढ्यात गल्लीतून हमीदाबी पळत आली! गुडघे धरलेली बाई, एका पायातली चप्पल कुठं गेली देव जाणे, हातात सुनेची पर्स. मागून नसरीन, "अम्मी, धीरे! अम्मी, गिरोगे!" करत. गाडी हललेली. हमीदाबी सरळ गाडीपुढं आडवी उभी राहिली, हात वर करून ओरडली, "लेट हर! लेट हर गो!"

ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. कंडक्टरने खिडकीतून मुंडकं काढलं. "चाची, कशाची लेट? गाडी टायमावर हाय!"

"गाडी का नै रे, बहू का बोलरी मैं!"