खिशातली खीळ

विंचूरच्या अलीकडे फाट्यावर मी एसटीची वाट पाहत होतो. समोरच्या पिकअपमध्ये रिकामे क्रेट रचले होते. मागे जोडलेल्या ट्रॉलीत कांद्याच्या गोण्या शिगोशीग भरल्या होत्या आणि त्या गोण्यांवर मुकादम कांद्याच्या खळ्यावर कामाला निघालेल्या बायांना चढवत होता. ड्रायव्हर वाकून जोडाची साखळी ओढून पाहत होता.

"बाया उतरवा," तो म्हणाला. "पुढं उतार हाये. ब्रेक माझ्या गाडीला हाये, ट्रॉलीला नाय. ती मागून ढकलती."

मुकादम हसला. "रोज जात्यात. तुलाच भ्या वाटलं? ड्रायव्हर लय मिळत्यात."

गोण्यांवरून एक बाई कडाडली, "दादा, उशीर झाला तर आमचा खाडा पडंल. तू भरून देशील का?"

ड्रायव्हरनं ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले, पुढे टेकू दिला, जोडातली लोखंडी खीळ उपसली आणि शर्टाच्या खिशात टाकली. मुकादम अंगावर धावून आला, तेव्हा तो हलला नाही. फक्त खिशावर हात ठेवला.

"आधी माणसं नेतो. मग ट्रॉली."

मोर्चे-संपांची पत्रकं निघणाऱ्या घरात वाढल्यामुळे नकार मी नेहमी ठळक अक्षरांत वाचला होता. हा खिशात मावला होता.

तीच बाई सगळ्यांत आधी खाली उतरली. पिकअपमधले क्रेट ती भराभरा मुकादमाच्या पायाशी फेकू लागली.

"उभा काय राह्यलास?" ती ड्रायव्हरवरच ओरडली. "गाडी चालू कर. खाडा पडायचा!"